लहरींचा लिलाव आणि परवानाधारकाचे दायित्व : भारतातील खाजगी एफ.एम. नभोवाणी

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात दोन गोष्टी एकत्र होत्या. लहरींवर शासनाची मक्तेदारी नको; आणि त्यांचे नियमन समाजातील सर्व घटकांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वायत्त प्राधिकरणाकडे असावे. पुढील दशकात पहिली गोष्ट लिलावाच्या मार्गाने साधली गेली. दुसरी मात्र मागेच राहिली, आणि खाजगी नभोवाणीचे पुढील स्वरूप बऱ्याच अंशी या उणिवेतून घडले.

आकाशवाणीने १९९३ पासून एफ.एम.वरील वेळ खाजगी निर्मात्यांना भाड्याने दिला होता. १९९८ मध्ये ती व्यवस्था संपली. १९९९ मध्ये शासनाने ४० शहरांतील १०८ कंप्रता, म्हणजेच फ्रिक्वेन्सी, खुल्या लिलावास काढल्या. परवान्याची मुदत १० वर्षे होती. बोलीची रक्कम एकदाच भरावयाची नव्हती. ते वार्षिक शुल्क होते आणि दरवर्षी त्यात १५ टक्के वाढ ठरलेली होती. केंद्राला जाहिराती मिळोत अथवा न मिळोत, शुल्क देणे भागच. चक्रवाढीने ही रक्कम पाच वर्षांत दुप्पट होते, हे साधे गणित बोलीच्या उत्साहात बहुतेकांच्या नजरेतून निसटले असावे. बोली लावून अनेकांनी माघार घेतली. ३ जुलै २००१ रोजी बंगळूर येथे पहिले खाजगी केंद्र सुरू झाले खरे, पण या टप्प्यात प्रत्यक्ष उभी राहिली ती १२ शहरांतील अवघी २१ केंद्रे.

या शुल्करचनेचा परिणाम कार्यक्रमांवरही झाला. ठरावीक देणे डोक्यावर असलेला परवानाधारक जास्तीत जास्त श्रोते कमीत कमी खर्चात जोडू पाहतो. हिंदी चित्रपटगीत हा त्यावरील सर्वांत सोपा उपाय होता. मुंबईत पाठोपाठ सुरू झालेल्या वाहिन्या एकमेकींसारख्या ऐकू येत आणि मराठी गीताला तेथे दुय्यम स्थान राहिले, ते या अर्थकारणामुळेच. केवळ अभिरुचीला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

२००३ मध्ये नेमलेल्या डॉ. अमित मित्रा समितीने स्थिर शुल्काऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याची शिफारस केली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००४ च्या शिफारशींनंतर जुलै २००५ चे धोरण आले : बंद निविदा, एकरकमी प्रवेशशुल्क आणि त्यापुढे सर्वसाधारणपणे ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के. ९१ शहरांत ३३८ वाहिन्या देऊ करण्यात आल्या. केंद्रांची संख्या दोनशेंपलीकडे गेली.

दायित्वांची बाजू मात्र वेगळ्याच दिशेने वाढली. आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता व जाहिरातसंहिता पाळणे बंधनकारक होते. एका शहरात एका कंपनीला एकच वाहिनी आणि देशभरातील एकूण वाहिन्यांपैकी १५ टक्क्यांहून अधिक नाहीत, अशी मर्यादा होती. वृत्त व चालू घडामोडींना सरसकट मनाई होती. मक्तेदारी रोखणारी मर्यादा निकालपत्राशी सुसंगत म्हणता येईल. बातमीवरील मनाईबाबत तसे म्हणणे कठीण आहे. परवाना देणारे, अटी घालणारे आणि स्पर्धक आकाशवाणीवर देखरेख ठेवणारे मंत्रालय एकच होते. २०११ च्या धोरणाने मोठ्या शहरांत एकापेक्षा अधिक वाहिन्या बाळगण्याची मुभा दिली, मुदत १५ वर्षे केली आणि आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी पुनःप्रसारित करू दिली. २०१५ च्या ई-लिलावात बोलीची पद्धत पुन्हा चढती झाली. स्वतःची बातमी देण्याचा अधिकार त्या लिलावातही विक्रीस नव्हता.