लग्न नेमकं कधी लागतं?

महाराष्ट्रातल्या लग्नाला गेलेला कुणीही सांगेल की लग्न लागतं ते शेवटच्या 'सावधान'ला. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते, नवरानवरी एकमेकांना हार घालतात आणि मांडवातले निम्मे लोक जेवणाकडे वळतात. कायद्याच्या हिशेबात मात्र अजून बरंच बाकी असतं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम म्हणतं की वधूच्या किंवा वराच्या रूढीनुसार विधी व्हावेत, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो, बंधनकारक होतो. ते पाऊल पडतं तेव्हा होमाच्या धुरापाशी दोन्हीकडचे आईवडील, गुरुजी, एखादी करवली आणि फोटोग्राफर एवढेच असतात. बाकी सगळे साक्षीदार मठ्ठ्याचा दुसरा पेला घेत असतात.

मी भाषांतराचं काम करते आणि त्यात अधूनमधून कायद्याचे कागद येतात. विवाहाच्या कायद्यातलं एक क्रियापद मला दरवेळी अडवतं : 'सॉलेम्नाइझ'. मराठीत लग्न लागतं, लावलं जातं, केलंही जातं. 'लागतं' म्हटलं की कर्ताच नसतो, जणू मुहूर्ताबरोबर ते आपोआप घडतं. 'लावतो' तो भटजी, किंवा हल्ली विवाह अधिकारी. 'करतात' ती दोघं, आणि जुन्या वळणाच्या घरात 'त्याने लग्न केलं' या वाक्याला अजूनही किंचित तक्रारीचा सूर असतो. इंग्रजी क्रियापद यातल्या कुठल्याच खणात नीट बसत नाही. त्यात गांभीर्य आहे, विधी आहे, आणि तो कुणी करायचा हे मोघम ठेवलेलं आहे. या मोघमपणावर आपल्या देशात गेली दीडशे वर्षं भांडणं झाली आहेत. दक्षिणा कुणाला, मुलं औरस की अनौरस, बाई बायको की नुसतीच सोबत राहिलेली, हे सगळं त्या एका क्रियापदाच्या अर्थावर ठरलेलं आहे.

सुरुवात बंगालपासून करावी लागते. ब्राह्मो समाजाचे लोक मूर्तीपूजा आणि होम वगळून लग्नं लावू लागले होते. ती लग्नं कायद्याने टिकतील का, असा प्रश्न केशवचंद्र सेन यांच्या गटाने अॅडव्होकेट जनरलना विचारला, आणि उत्तर 'नाही' असं आलं. मग कायद्याची मागणी झाली. हेन्री मेन यांनी १८६८ मध्ये विधेयक आणलं, ते व्यापक होतं म्हणून गदारोळ झाला. नंतर फिट्झजेम्स स्टीफन यांनी ते केवळ ब्राह्मोंपुरतं करायचं ठरवलं, तर देवेंद्रनाथ ठाकुरांचा आदि ब्राह्मो समाज म्हणाला, आम्ही हिंदूच आहोत, आमच्या नावाने वेगळा कायदा नको. शेवटी १८७२चा तिसरा कायदा झाला तो अशा तोडीने की ज्याला या कायद्याखाली लग्न करायचं त्याने लिहून द्यावं : मी ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानत नाही. लग्न करायचं तर आधी आपण कोण नाही याची यादी वाचायची!

त्या यादीनंतर चौदा दिवसांची नोटीस, निबंधक, तीन साक्षीदार. आणि एक वाक्य. विधी कोणताही करा किंवा करू नका, पण दोघांनी निबंधकाच्या आणि साक्षीदारांच्या कानांवर पडेल असं एकमेकांना म्हणायचं की मी, अमुक, तुला, तमुकला, माझी कायदेशीर पत्नी (किंवा पती) म्हणून स्वीकारतो. हे वाक्य इंग्लंडहून आलं. तिथल्या १८३६च्या कायद्याने चर्चबाहेर लग्न करणाऱ्यांना जवळजवळ असंच वाक्य दिलं होतं, आणि तिथे ते चर्चच्या प्रार्थनापुस्तकातल्या शपथेवरून आलेलं होतं. म्हणजे कोणताच धर्म न मानणाऱ्या कलकत्त्याच्या जोडप्याच्या तोंडी इंग्रजी चर्चची शपथ देव वजा करून घातली गेली. यात मला गंमत वाटते, पण त्याहून महत्त्वाचं हे की इथे लग्न लावणारा कुणी नाही. निबंधक फक्त ऐकतो. लग्न होतं ते दोघांच्या बोलण्याने. (त्या कायद्यात मुलीचं किमान वय चौदा होतं. केशवचंद्रांनी १८७८ मध्ये स्वतःच्या मुलीचं लग्न कूचबिहारच्या महाराजांशी लावलं तेव्हा तिला चौदा पुरी नव्हती, आणि त्या कारणाने त्यांचा समाज फुटला.)

कलकत्त्यात हे चाललं असताना पुण्यात जोतीराव फुले वेगळ्या वाटेने त्याच जागी पोचत होते. सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचं लग्न भटजीशिवाय झालं. फुल्यांना 'आम्ही हिंदू नाही' असं लिहून द्यायचं नव्हतं आणि सरकारी कचेरीतही जायचं नव्हतं. मांडव, नातलग, अक्षता, मंगलाष्टकं, सगळं हवं होतं. नको होता तो मधला माणूस. म्हणून त्यांनी मंगलाष्टकंच नवी लिहिली, आणि ती वधूवरांनी एकमेकांना म्हणायची. त्यातली वधू वराला 'तू' म्हणते, 'रे' म्हणते. आम्हा बायकांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, तेव्हा स्त्रीला अधिकार देईन अशी आण घे, असं ती सगळ्यांसमक्ष त्याला सांगते. एकोणिसाव्या शतकातली मराठी नवरी नवऱ्याला 'अहो' म्हणायलाही लाजायची, हे लक्षात घेतलं म्हणजे या 'तू'चं वजन कळतं.

विरोध आला तो मंत्रांच्या नावाने, पण खरा तंटा उत्पन्नाचा होता. मुंबई इलाख्यात ग्रामजोशाचा हक्क हा वतनासारखा मानला जाई. यजमानाने दुसऱ्याकडून विधी करून घेतला तरी वंशपरंपरागत जोशी आपल्या दक्षिणेसाठी दावा लावू शके, आणि न्यायालयं तो मान्य करीत. मग कुणालाच न बोलावता लग्न लावलं तर? जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ मध्ये तसं केलं, आणि जोशाने दावा लावला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. निकाल पाटलांच्या बाजूने लागला. न बोलावलेल्या जोशाचा हा हक्क मोडणारा कायदा मुंबई विधिमंडळात व्हायला मात्र १९२६ साल उजाडलं. सीताराम केशव बोले यांचं ते 'जोशी बिल'.

१८७२च्या कायद्यातली ती नकाराची यादी १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांनी थोडी सैल झाली. हिंदू, बौद्ध, शीख, जैन आता धर्म न नाकारता आपसांत नोंदणी विवाह करू शकत होते. किंमत वेगळ्या रकान्यात लिहिली गेली : असं लग्न करणारा एकत्र कुटुंबातून तुटलेला समजला जाई, आणि तो एकुलता मुलगा असेल तर बापाला दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मुभा होती. जिवंत मुलाच्या जागी! १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं तेव्हा हाच कायदा लागू होता.

आता मद्रासकडे जायला हवं, कारण फुल्यांनी न सोडवलेला प्रश्न तिथे न्यायालयात उभा राहिला. पेरियार रामस्वामींच्या स्वाभिमान चळवळीने १९२८ पासून पुरोहिताविना लग्नं लावायला सुरुवात केली. मंत्र नाहीत, होम नाही, मुहूर्तही मुद्दाम राहुकाळातला. वडीलधारं कुणी भाषण करी, दोघं हार घालत, करार बोलून दाखवत. अशी हजारो लग्नं झाली. त्यातलं १९३४ सालचं एक लग्न मद्रास उच्च न्यायालयापुढे आलं, आणि १९५३ मध्ये न्यायालयाने ते अवैध ठरवलं. युक्तिवाद तर्काला धरून होता, आणि म्हणूनच भयंकर होता. शास्त्रोक्त विधी नाही, तेव्हा रूढी दाखवा. रूढी पुरातन हवी. काही लोकांनी ठरवून सुरू केलेली गोष्ट वीसेक वर्षांत रूढी होत नाही. म्हणजे सुधारणेने केलेलं लग्न वैध व्हायला आधी ती सुधारणा जुनी व्हायला हवी, आणि तोवर त्या बायकांनी आणि मुलांनी थांबायचं.

ती चौदा वर्षं थांबली. १९६७ मध्ये अण्णादुराई मुख्यमंत्री झाले आणि हिंदू विवाह कायद्यात मद्रास राज्यापुरतं '७-अ' हे कलम घालण्यात आलं. ते मी मूळ इंग्रजीतून अनेकदा वाचलं आहे, कारण इतकं मोकळं कलम आपल्या विवाह कायद्यांत दुसरं नाही. नातलग, मित्र किंवा इतर कुणाच्याही समक्ष, दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, एकमेकांना स्वीकारल्याचं बोलावं. किंवा हार घालावेत वा बोटात अंगठी घालावी. किंवा थाळी, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, बांधावी. तीनही ठिकाणी 'किंवा' आहे. 'आणि' असता तर थाळी सक्तीची झाली असती आणि पेरियारांची चळवळ एका अव्ययात गेली असती. कलम मागच्या लग्नांनाही लागू केलं, त्यामुळे १९३४ पासूनची मुलं एका सहीने औरस झाली.

इथवर वाचून वाटेल की विधीचा आग्रह सोडला की सगळं सुरळीत. तसं नाही. १९६५ मध्ये महाराष्ट्रातलं भाऊराव लोखंडे यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निघालं. पहिली बायको हयात असताना त्यांनी दुसरं लग्न केल्याबद्दल खालच्या न्यायालयांनी शिक्षा दिली होती. दुसरं लग्न 'गांधर्व' पद्धतीचं होतं : हार घातले, कपाळाला कपाळ लावलं, झालं. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, होम झाला का? सप्तपदी झाली का? नाही. ते न करण्याची जुनी रूढी सिद्ध झाली का? नाही. मग कायद्याने हवं तसं, 'सॉलेम्नाइझ' झालेलं लग्नच नव्हतं. लग्न नाही तर द्विभार्येचा गुन्हाही नाही. भाऊराव सुटले. त्यानंतर हा पायंडा पडला, आणि दुसरं लग्न करणाऱ्याने सप्तपदी तेवढी टाळावी ही युक्ती वकिलांना सापडली. पहिल्या बायकोची फिर्याद फसली, आणि दुसरी बायको तर बायकोच नव्हे. पुण्यात आणि मद्रासेत ज्या विधीपासून बाया सुटू पाहत होत्या, तोच विधी झाल्याचा पुरावा आता दुसऱ्या बायांना हुडकत फिरावं लागलं.

या दोन टोकांच्या मध्ये उरतो तो १९५४चा विशेष विवाह कायदा, १८७२च्या कायद्याचा वारस. त्यात धर्म नाकारावा लागत नाही. पण दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, नोटीस कचेरीतल्या फलकावर तीस दिवस लागते, कुणालाही हरकत घेता येते, आणि तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. घरून पळालेल्या जोडप्यासाठी तो फलक काय असतो हे सांगायला नको. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं, पण सगळीकडे तसं झालेलं नाही.

काही वर्षांपूर्वी बंगळुरात अशा एका लग्नात मी साक्षीदार होते. नवरा मराठी, नवरी कन्नड, आणि तिला ते वाक्य मराठीतून म्हणायचं होतं. कायद्याची हरकत नाही, भाषा दोघांना समजली पाहिजे इतकंच. भाषांतर माझ्याकडे आलं. 'लॉफुल वाइफ'ला 'धर्मपत्नी' लिहावं असं एक काका म्हणाले. पण मग नवऱ्याला काय, 'धर्मपती'? असा शब्द आपण कधी वापरलाच नाही. मी दोन्हीकडे 'कायदेशीर' ठेवलं. खरी अडचण 'तुला'पाशी आली. नवऱ्याच्या आईने कागद वाचला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, एरवी काय म्हणायचं ते म्हणू दे, पण निदान आज चारचौघांत 'तुम्हाला' म्हणेल ना ती?" मी म्हटलं, "काकू, इंग्रजीत दोघांनाही तूच आहे." खरं तर मूळ 'दी' आज कुणीच बोलत नाही, त्यामुळे 'तुम्हाला' केलं असतं तर कायदा मोडला नसता. पण मला फुल्यांची नवरी आठवत होती, म्हणून मी ते सांगितलं नाही. नवरी 'तुला' म्हणाली. अधिकाऱ्याने मान हलवली आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जोडप्याच्या हातातलं नोंदणीचं प्रमाणपत्र निरर्थक ठरवलं, कारण त्यांनी हिंदू पद्धतीचे विधी केलेच नव्हते. व्हिसासारख्या कामासाठी आधी कागद काढून ठेवायचा, समारंभ पुढे बघू, या चालीला न्यायालयाने बजावलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की '७-अ'खालचं लग्न जाहीर समारंभाशिवाय, वकिलाच्या समक्षही होऊ शकतं. दोन्ही निकाल आपापल्या कलमाला धरून बरोबर आहेत. फरक इतकाच की ते कलम तामिळनाडूत आणि पुदुच्चेरीत आहे, महाराष्ट्रात नाही. म्हणून आज पुण्यात किंवा कोल्हापुरात सत्यशोधक पद्धतीने लग्न करणारी जोडपी बहुधा दोन तारखा धरतात. एका दिवशी मांडवात एकमेकांना मंगलाष्टकं म्हणतात. दुसऱ्या दिवशी, किंवा खबरदारी म्हणून त्याआधीच, कचेरीत जाऊन तीन साक्षीदारांसमोर ते १८७२चं वाक्य म्हणतात. पत्रिकेवर पहिली तारीख छापतात.