पिकअप उंच करायचीय? शॉकअप आणि स्ट्रट निवडण्याआधी हे समजून घ्या

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या उपबाजारात पिकअपची रांग लागते. जुन्नर आणि आंबेगावच्या गावागावांतून क्रेट भरून आलेल्या या गाड्यांकडे नीट पाहिलं, तर काही गाड्या मागून पार बसलेल्या दिसतात. काही गाड्या माल उतरवल्यावर मागून इतक्या वर येतात की पुढे वाकल्यासारख्या वाटतात. या दुसऱ्या गाड्यांना बहुतेक वेळा जादा पाटे टाकलेले असतात.

दुसरीकडे इन्स्टावर उंच केलेल्या पिकअपचे रील फिरत असतात. ते बघून गॅरेजला एकच प्रश्न विचारला जातो, "गाडी वर घ्यायचीय, कोणते शॉकअप टाकू?"

गडबड इथेच होते. गाडी उंच करणं आणि गाडीची ओझं पेलायची ताकद वाढवणं ही दोन वेगळी कामं आहेत. यातलं कुठलंच काम एकटा शॉकअप करत नाही.

कोण काय काम करतं?

गाडीचं वजन पेलतात ते पाटे किंवा कॉइल स्प्रिंग. खड्डा आला की ते दबतात आणि परत उसळतात. ही उसळी थांबवायचं काम शॉकअपचं. त्याच्या आत तेल असतं आणि पिस्टनच्या बारीक छिद्रांतून ते तेल ये-जा करतं. उसळीची ताकद तेलात उष्णता होऊन जिरते. म्हणजे शॉकअप कितीही भारी घेतला तरी बसलेला पाटा त्यामुळे वर येत नाही.

स्ट्रटमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जोडणीत असतात. कारमध्ये पुढे दिसतो तो मॅकफर्सन स्ट्रट चाकाला सरळ धरायचंही काम करतो. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉससारख्या पिकअपमध्ये पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग असते, मागे पाटे. तिथे चाक धरायचं काम विशबोनचं, तरी बाजारात त्या कॉइल आणि शॉकअपच्या जोडणीलाही स्ट्रटच म्हणतात. टाटा योद्धासारख्या मालवाहू पिकअपला पुढे-मागे दोन्हीकडे पाटेच असतात.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे गाडीखाली वाकून बघणं. पुढे पाटे असतील तर स्ट्रटचा प्रश्नच येत नाही. तिथे पाट्यांची कमान, शॅकल, बुश आणि वेगळा शॉकअप यांचाच विचार करायचा.

आधी वजनाचा हिशोब

नारायणगावला टोमॅटोचा भाव साधारण २० किलोच्या क्रेटवर निघतो. समजा गाडीत ८० क्रेट भरले. २० गुणिले ८० म्हणजे १६०० किलो. १.७ टन पासिंगची गाडी असेल तर वाटतं, अजून १०० किलोची जागा आहे. पण रिकामा प्लास्टिकचा क्रेटही साधारण दीड किलोचा असतो. ८० क्रेटचे १२० किलो झाले आणि गाडी पासिंगच्या वर गेली. आडव्या रश्श्या, ताडपत्री आणि मागे बसलेले दोघं अजून धरलेच नाहीत.

अशी गाडी बसली म्हणून जादा पाटा टाकला, तर ती सरळ उभी राहते. पण ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी तीच राहतात. पाट्याने पासिंग वाढत नाही. शिवाय रिकाम्या गाडीला तो पाटा फार कडक पडतो आणि खराब रस्त्यावर मागची चाकं नुसती उड्या मारतात.

ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा टाकला तर उलटं होतं. गाडी वर येते, पण ताकद तसूभरही वाढत नाही.

शॉकअप, स्ट्रट निवडताना काय बघायचं?

१. लांबी. सगळ्यात जास्त चूक इथे होते. मागून गाडी ५० मिमी, म्हणजे साधारण २ इंच वर गेली, की जुना शॉकअप उभ्या गाडीतच जवळपास तेवढा उघडलेला असतो. चाक खड्ड्यात गेलं की त्याला अजून उघडायला जागा उरत नाही. तो आतून आदळतो, सील फुटतं, तेल गळतं. म्हणून पूर्ण उघडल्यावरची लांबी वाढीव हवी. पण फार लांब शॉकअप घेतला तर भरलेली गाडी दबताना तो खाली टेकतो. पूर्ण दबल्यावरची लांबी आणि रबरी बंपस्टॉप यांचा मेळ बसलाच पाहिजे.

२. स्पेसर की पूर्ण स्ट्रट. स्ट्रटच्या वर स्पेसर बसवणं हा स्वस्तातला मार्ग. डबल विशबोनमध्ये स्ट्रट आर्मच्या साधारण मध्यावर टेकतो. त्यामुळे २५ मिमीच्या स्पेसरने चाकाजवळ गाडी जवळपास ५० मिमी वर येऊ शकते. गाडीगणिक हा आकडा बदलतो. स्पेसरमुळे स्प्रिंगची ताकद वाढत नाही आणि शॉकअपही जुनाच राहतो. लिफ्टसाठीच बनवलेल्या स्ट्रटमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांना जुळवलेले असतात.

३. कायमचं वजन किती? पुढे लोखंडी बंपर, विंच असं कायमचं वजन असेल तर स्प्रिंग त्या हिशोबाने कडक हवी. नसेल तर तीच स्प्रिंग गाडीला दगडासारखी करते. "हेवी ड्युटी" हा शब्द ऐकून घेऊ नका, स्प्रिंग किती किलोसाठी आहे ते विचारा.

४. ट्विन ट्यूब की मोनोट्यूब. खराब रस्त्यावर बराच वेळ चाललं की शॉकअपचं तेल तापतं, त्यात फेस होतो आणि पकड ढिली पडते. नायट्रोजन भरलेल्या गॅस शॉकअपमध्ये फेस कमी होतो. मोनोट्यूब उष्णता लवकर बाहेर टाकतो, पण त्याच्या नळीला दगड लागून खोक पडली तर पिस्टन अडकू शकतो. ट्विन ट्यूबला बाहेर दुसरी नळी असते, त्यामुळे तो असा मार जास्त सोसतो. डिंभे धरणाच्या वरच्या गावांत किंवा नाणेघाटाच्या बाजूला सुट्या दगडांच्या वाटेवर रोज जायचं असेल, तर हा फरक महत्त्वाचा.

५. जोडीनेच बदला. एका बाजूचा नवा, एका बाजूचा जुना ठेवला तर ब्रेक मारताना आणि वळणावर गाडी एका बाजूला ओढते.

ब्रेकचा व्हॉल्व्ह विसरू नका

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ वजन ओळखणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. एका दांडीने तो ॲक्सलला जोडलेला असतो. गाडी दबली की त्याला कळतं, माल भरलाय, आणि तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो.

गाडी मागून उंच केली आणि ही दांडी पुन्हा जुळवली नाही, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. मागचा ब्रेक कमी लागतो. आळेफाट्याहून माळशेज घाटाने कल्याणला माल घेऊन उतरताना याचा अर्थ काय होतो, हे ड्रायव्हरला सांगावं लागत नाही.

यासोबत ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना, बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे कोन ठीक आहेत ना, हे तपासायचं. व्हील अलाइनमेंट करायचं आणि हेडलाइट खाली घ्यायचे, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जातो.

उंची वाढली की तोल कमी होतो

गाडी उलटण्याचा धोका मोजायचा एक सोपा हिशोब आहे. दोन चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. उदाहरणादाखल अंतर १४०० मिमी आणि उंची ७०० मिमी धरली, तर उत्तर १ येतं. गाडी ५० मिमी वर घेतली की ते ०.९३ होतं, म्हणजे स्थिरता ७ टक्क्यांनी घटली. त्यावर क्रेटच्या थप्प्या लागल्या की गुरुत्वमध्य आणखी वर जातो.

मागे माणसं असतील तर हा विषय जिवाचा होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप दरीत कोसळून अनेकींचा जीव गेला. त्या अपघाताचा संबंध गाडी उंच करण्याशी जोडता येत नाही. पण मालवाहू पिकअप माणसं वाहायला बनलेली नसते. शॉकअप, स्ट्रट किंवा पाटे बदलून ती तशी होत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पासिंगपेक्षा जास्त माल भरला तर कलम १९४ खाली २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे.

खराब झालेला शॉकअप काढून त्याच मापाचा चांगला शॉकअप टाकणं म्हणजे दुरुस्ती. लिफ्ट किट बसवायचं असेल तर आधी आरटीओत विचारावं. जुन्नर आणि आंबेगावसाठी ते पिंपरी-चिंचवडचं, एमएच १४ चं कार्यालय. विमा कंपनीलाही लेखी कळवावं, कारण न सांगता केलेल्या बदलामुळे क्लेम अडकू शकतो.

मग करायचं काय?

रोज नारायणगाव किंवा मंचरच्या बाजारात माल नेणाऱ्या गाडीला उंचीची गरज नसते. तिला कमान टिकवून असलेले मूळ मापाचे पाटे, नवे बुश आणि चांगले शॉकअप पुरतात. माल रोजच पासिंगच्या वर जात असेल तर त्यावर उपाय दोनच आहेत, जास्त पासिंगची गाडी किंवा दुसरी खेप.

पश्चिम पट्ट्यातल्या कच्च्या वाटांवर गाडीचं पोट घासत असेल, तर आधी पाटे बसलेत का ते बघावं. बऱ्याचदा गेलेली उंची तिथेच परत मिळते. त्यानंतरही लिफ्ट हवीच असेल, तर परवानगीचं बघून ती २ इंचांच्या आत ठेवावी, त्या लिफ्टसाठीच बनलेला पूर्ण सेट घ्यावा आणि गॅरेजमधून निघण्याआधी ब्रेकची दांडी जुळवून घ्यावी.