सत्ता कोणाची, की हक्क कोणाचा?

अमेरिकेतील घटकराज्ये आपल्याच संघसरकारला कोर्टात खेचतात, आणि वादाचा विषय असतो देशाची सीमा. सीमेचे रक्षण हे केंद्राचे कर्तव्य, ते केंद्र पार पाडीत नाही आणि भार मात्र आमच्यावर पडतो, अशी राज्यांची तक्रार. घटनेच्या अभ्यासकाला यात संघराज्याचा पेच दिसेल. मला वेगळाच प्रश्न पडतो. ज्या माणसावरून हा वाद चालला आहे, तो माणूस या वादात कुठे आहे?

या प्रश्नाची मुळे जुनी आहेत. १८७४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात २२ चिनी स्त्रियांना कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्याने बदफैली ठरवून जहाजावरच अडविले. त्यांच्यासाठी जामीन मागितला. त्यांच्यापैकी एकीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७६ मध्ये ती जिंकली. पण निकालाचा मुख्य आधार कोणता? परदेशी माणसाला येऊ द्यावे की नाही हे ठरविण्याची सत्ता राज्याची नव्हे, काँग्रेसची आहे, हा! पुढे १८८२ साली त्याच काँग्रेसने चिनी मजुरांना देशाचे दार बंद केले. तो बहिष्कार १९४३ पर्यंत टिकला. राज्य हरले, केंद्र जिंकले. चिनी मजुराच्या पदरात काय पडले?

१९९४ साली कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा आदी सहा राज्यांनी केंद्रावर दावे लावले. बेकायदा आलेल्यांच्या शाळा, दवाखाने, तुरुंग यांवरील खर्च त्यांना परत हवा होता. घटनेने राज्यांना आक्रमणापासून संरक्षणाची हमी दिली आहे आणि हे लोंढे म्हणजे आक्रमणच, असाही युक्तिवाद झाला. अपील न्यायालयांनी दावे फेटाळले. आक्रमण म्हणजे परक्या राजसत्तेचा सशस्त्र हल्ला, असे त्यांतील काहींनी स्पष्ट केले. दावे गेले, शब्द मात्र उरला. जानेवारी २०२४ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी तोच पुन्हा पुढे केला. पोटासाठी आलेला मजूर शत्रुसैन्यात जमा होतो, तो असा.

याआधी जून २०२३ मध्ये अटकेच्या धोरणाविरुद्ध टेक्सास व लुइझियाना यांनी लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी फेटाळला होता. असा दावा लावण्याचा अधिकारच या राज्यांना नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात टेक्सासने पुन्हा दावा लावला. आपण ईगल पास येथे रिओ ग्रांदे नदीकाठी लावलेली काटेरी तार केंद्राचे जवान कापतात, ही तक्रार. १२ जानेवारी २०२४ रोजी तिथेच एक स्त्री आणि दोन मुले बुडून मरण पावली. दोन्ही सरकारांच्या कागदपत्रांत ते मृत्यूही एकमेकांविरुद्धचा मुद्दा झाले. २२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी केंद्राला तार कापू दिली. नोव्हेंबरात अपील न्यायालयाने टेक्सासच्या बाजूने कौल दिला. वाद तारेचा होता. तारेत अडकणाऱ्या देहाचा नव्हता.

मग या माणसाचा प्रश्न कधीच विचारला गेला नाही काय? एकदा विचारला गेला, आणि तोही टेक्सासमध्येच. १९७५ साली त्या राज्याने बेकायदा आलेल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा बंद केला. टायलर गावच्या शाळांनी अशा मुलामागे वर्षाला १,००० डॉलर मागितले. तेव्हा मेक्सिकन मुलांच्या वतीनेच खटला उभा राहिला. १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी मुले जिंकली. चौदावी घटनादुरुस्ती समान संरक्षण देते ते प्रत्येक ‘व्यक्ती’ला, केवळ नागरिकाला नव्हे, हा त्या निकालाचा पाया. स्वस्त मजुरीसाठी ठेवून घेतलेली, पण समाजाच्या लाभांपासून वंचित अशी एक कायमची जात निर्माण होईल, असा इशारा न्यायमूर्ती ब्रेनन यांनी दिला. ‘कास्ट’ हा शब्द त्यांचाच आहे.

ही दुरुस्ती १८६८ ची, गुलामांच्या मुक्तीतून आलेली. ज्या अमेरिकन लोकांनी ही मुक्ती घडविली त्यांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती. तेव्हा हा वारसा आपल्याला परका नाही.

दोन सरकारे भांडतात तेव्हा सत्ता कोणाची हे ठरते. हक्क कोणाचा हे ठरायचे असेल, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याने स्वतः पक्षकार होऊन उभे राहावे लागते. आणि तेवढ्यानेही भागत नाही. ती चिनी स्त्रीही पक्षकार होतीच. पण न्यायालयाने तिच्या दाव्यात सत्तेचाच प्रश्न सोडविला. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी असा कोणताही खटला वाचताना पक्षकार कोण हे पाहावे, आणि न्यायालयाने कोणता प्रश्न हाती घेतला हेही पाहावे. निकाल कोणाच्या बाजूने लागला, हे त्यानंतर.