घड्याळगतीचा हव्यास आणि उष्णतेचे गणित : चार गाभ्यांच्या प्रोसेसरचा इतिहास, चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. या लेखनात एक गृहीतक नकळत दडलेले असते. ते असे की, संगणक ज्या खोलीत चालतो ती खोली थंड असते. कॅलिफोर्नियात वा जर्मनीत हे गृहीतक खपून जाते. मे महिन्यात पारा ४६ अंशांवर जाणे ही जेथे नवलाची गोष्ट नाही, त्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मात्र ते तपासून घ्यावे लागते. प्रस्तुत लेखात चार गाभ्यांच्या पहिल्या पिढीतील प्रोसेसर आणि त्यांना ठरवून दिलेल्या गतीपलीकडे पळविण्याची पद्धत, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, यांचा या दृष्टीने विचार केला आहे.

घड्याळगतीची कोंडी

प्रोसेसरला लागणारी वीज ही त्याच्या घड्याळगतीच्या प्रमाणात व विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती वाढवायची तर दाबही वाढवावा लागतो, आणि वाढलेली सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. इंटेल कंपनीच्या पेंटियम ४ या मालिकेची वाटचाल याच ठिकाणी अडली. ४ गिगाहर्ट्झचा नियोजित प्रोसेसर ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द करण्यात आला आणि ही मालिका ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली. एकच गाभा अधिक वेगाने पळविण्याऐवजी अनेक गाभे मध्यम वेगाने चालवावेत, हा मार्ग त्यातून रूढ झाला. हा तांत्रिक विजय होता असे म्हणण्यापेक्षा उष्णतेपुढे घेतलेली माघार होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

जानेवारी २००७ मध्ये कोअर २ क्वाड क्यू ६६०० हा प्रोसेसर बाजारात आला. त्याची मूळ गती २.४ गिगाहर्ट्झ होती. प्रारंभी ८५१ डॉलर असलेली त्याची घाऊक किंमत जुलै २००७ मध्ये २६६ डॉलरवर आली, आणि हौशी संगणकप्रेमींनी तो उचलून धरला. त्याच सुमारास त्याची जी-शून्य ही सुधारित आवृत्ती उपलब्ध झाली. आधीच्या बी-३ आवृत्तीची उष्णता-मर्यादा १०५ वॅट होती, नवीची ९५ वॅट.

मदरबोर्डच्या लहरी

या प्रोसेसरची गती दोन संख्यांच्या गुणाकाराने ठरे : मदरबोर्डकडून येणारी २६६ मेगाहर्ट्झची मूळ गती आणि ९ हा गुणक. गुणक ९ च्या वर नेता येत नसे, म्हणून मूळ गतीच वाढवावी लागे. ३३३ केल्यास ३ गिगाहर्ट्झ, ४०० केल्यास ३.६. परंतु ही मूळ गती केवळ प्रोसेसरची नव्हती. स्मृती आणि नॉर्थब्रिज ही मधली चकतीही तिच्याशी बांधलेली होती. त्यामुळे प्रोसेसर तयार असूनही मदरबोर्ड हात टेकत असे.

येथे आणखी एक मेख होती. क्यू ६६०० मध्ये चार गाभे एकाच चकतीवर नव्हते. दोन-दोन गाभ्यांच्या दोन चकत्या एका आवरणात बसविलेल्या होत्या आणि त्यांचा परस्पर संवादही बाहेरच्या सामाईक मार्गावरूनच चाले. एका मार्गावर दोन चकत्यांचा भार पडल्याने चार गाभ्यांचे प्रोसेसर दोन गाभ्यांच्या प्रोसेसरांइतकी मूळ गती सहसा गाठू शकत नसत. काही मदरबोर्डांवर तर ठराविक पट्ट्यात संगणक सुरूच होत नसे, आणि त्याहून अधिक गतीवर मात्र सुरळीत चाले. कारण ठराविक टप्प्यांवर नॉर्थब्रिज आपली अंतर्गत वेळापत्रके बदलत असे. भार पडताच प्रोसेसरला मिळणारा दाब खाली घसरे; ती घसरण मुद्दाम आखलेली होती, तरी हौशी मंडळी मदरबोर्डवरील एका सूक्ष्म रोधकावर शिसपेन्सिलीची रेघ ओढून ती कमी करीत.

खोलीचे तापमान

गतीच्या विक्रमांसाठी उणे १९६ अंशांवर उकळणारा द्रवरूप नायट्रोजन वापरला जातो. हा पदार्थ विदर्भाला अपरिचित नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या गोठीत रेतमात्रा द्रवनत्राच्या पात्रातच ठेवतात. रोजच्या वापरात मात्र पंखा आणि धातूचा उष्णताशोषक यांवरच भिस्त असते, आणि हवेने थंड होणारी वस्तू हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही.

पुढील हिशेब ढोबळ आहे, पण बोलका आहे. दर वॅटमागे ०.२६ अंश तापमानवाढ होऊ देणारा उष्णताशोषक घेतला, तर ९५ वॅटला सुमारे २५ अंशांची वाढ होते. जी-शून्य आवृत्तीच्या आवरणाची तापमान-मर्यादा ७१ अंश होती. खोलीत २५ अंश असल्यास प्रोसेसर ५० वर राहतो. ४६ असल्यास गती न वाढवताही तो ७१ ला टेकतो. बी-३ आवृत्तीची मर्यादा ६२.२ अंश होती. चंद्रपूरच्या मे महिन्यात ती मूळ गतीवरच ओलांडली जाते. आता दाब १.२५ वरून १.४ व्होल्ट आणि गती ३.६ गिगाहर्ट्झ केली, तर वीज सुमारे १७९ वॅट आणि वाढ ४६ अंशांहून अधिक होते. थंड खोलीत हे जेमतेम मर्यादेवर बसते, येथे आकडा ९२ वर जातो. गौरवाने सांगितले जाणारे ‘मोफत मिळालेले’ ५० टक्के हे वस्तुतः हवामानाने दिलेले अनुदान होते.

मदरबोर्डवरील विद्युतअपघटनी धारित्रांचे आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्म्याने घटते, हा मुद्दाही या जिल्ह्यांत दुर्लक्षिण्याजोगा नाही.

वीज आणि तिचे ठिकाण

याच काळात चार गाभ्यांच्या प्रोसेसरने महाराष्ट्रात एक मोठी कामगिरी केली. पुण्यातील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहाच्या संस्थेने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला. त्यात ३ गिगाहर्ट्झच्या झिऑन प्रोसेसरचे १४,२४० गाभे होते आणि त्याची मोजलेली क्षमता ११७.९ टेराफ्लॉप्स होती. या झिऑनची रचनाही क्यू ६६०० प्रमाणेच दोन चकत्यांची होती. तेथे गती वाढविण्याचा मार्ग कोणी पत्करला नाही. भर राहिला तो गाभ्यांच्या संख्येवर आणि त्यांना जोडणाऱ्या जाळ्यावर. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ चा ‘परम ८०००’ घडविताना हीच दिशा धरली होती.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची स्थापित क्षमता तेव्हा २,३४० मेगावॅट होती. तेथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ पासून वीज नेत होती. त्याच दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तासन्‌तास भारनियमन होते. ज्या परिसरात कोळसा जळत होता, तेथील गावांत पंखाही अखंड चालेल याची शाश्वती नव्हती; मग प्रोसेसरवरचा पंखा तर दूरच.

अशा ठिकाणी उलट दिशेचा प्रयोग अधिक फलदायी ठरतो. २.४ गिगाहर्ट्झ ही गती तशीच ठेवून दाब १.२५ वरून १.१ व्होल्टवर आणल्यास, वरील हिशेबाने वीज सुमारे ७४ वॅटवर येते आणि ४६ अंशांच्या खोलीतही आवरण ६५ अंशांवर राहते. प्रत्येक चकती इतका कमी दाब सोसतेच असे नाही. तो एकेका संगणकावर पायरीपायरीने उतरवून पाहावा लागतो.