पवनारच्या धाम नदीत दिसलेलं बदक पाळीव की रानटी? आधी चोच बघा!

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबा भावेंचा आश्रम आहे. इथे किंवा विदर्भातल्या कुठल्याही नदी-तलावावर बदकं दिसली की फोटो निघतात आणि प्रश्न पडतो, ही कुणाची? उत्तर महत्त्वाचं आहे. पाळीव बदक चुकून सुटलेलं असेल तर ते त्याच्या मालकाचं. रानटी असेल तर त्याला पकडणं किंवा मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा.

आपल्याकडचं नेहमीचं रानटी बदक म्हणजे हळदी-कुंकू. नावातच ओळख आहे. काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोचीच्या मुळाशी कुंकवासारखे दोन लाल ठिपके. अंगावर खवल्यांसारखी तपकिरी नक्षी, पाय लालसर नारिंगी. नर-मादी जवळपास सारखेच दिसतात.

पाळीव बदकाचं मूळ वेगळं. जगभरातल्या बहुतेक पाळीव जाती मॅलार्ड या रानबदकापासून आल्या आहेत. पांढरं पेकिन, सडपातळ अंगाची आणि उभ्याने चालणारी इंडियन रनर, वर्षाला २५० ते ३०० अंडी देणारी खाकी कॅम्पबेल ही सगळी त्याचीच भावंडं. चोच पूर्ण पिवळी, नारिंगी किंवा हिरवट. नर ओळखायचा तर शेपटीवरची वर वळलेली पिसं बघा. आवाजावरूनही कळतं. मोठ्याने 'क्वॅक क्वॅक' करते ती मादी. नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो. म्हणजे कार्टूनमधला बदकाचा आवाज खरं तर मादीचा!

'उडत नाही म्हणजे पाळीव' हा अंदाज मात्र फसवा आहे. रानटी बदकं वर्षातून एकदा उडण्याची सगळी पिसं एकाच वेळी टाकतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांनाही उडता येत नाही.

पाळीव बदकांच्या काही सवयी पाळणाऱ्यांना पाठ असतात. ती अंडी बहुधा पहाटे ते सकाळी नऊच्या दरम्यान घालतात. म्हणून त्यांना त्याआधी बाहेर सोडत नाहीत, नाहीतर अंडं जातं पाण्यात. जास्त अंडी देणाऱ्या जाती उबवायला बसायचंच विसरल्या आहेत, त्यामुळे अंडी कोंबडीखाली ठेवतात. २८ दिवसांनी पिल्लं येतात आणि कोंबडीलाच आई समजून तिच्या मागे फिरतात. पिल्लं पाण्यात उतरली की काठावर कोंबडीची जी धांदल उडते, ती बघण्यासारखी असते.

यात एक अपवाद आहे, मस्कोव्ही बदक. चेहऱ्यावर लाल मांसल गाठी, पायाला टोकदार नख्या, झाडावर बसायची सवय आणि आवाज म्हणजे नुसता फुत्कार. नाव मॉस्कोची आठवण करून देतं, पण मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. त्याची अंडी उबायला सुमारे ३५ दिवस लागतात. पाळीव बदकाशी संकर झाला तर पिल्लं खेचरासारखी वांझ निघतात.

मॅलार्डच्या वंशाचं तसं नाही. त्याचा जवळच्या रानटी जातींशी संकर होतो आणि ती पिल्लं पुढे प्रजाही वाढवतात. म्हणूनच नको झालेली बदकं नदीत सोडणं धोक्याचं. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणून सोडलेल्या मॅलार्डांनी तिथल्या 'पारेरा' या स्थानिक बदकाशी इतका संकर केला की शुद्ध पारेरा आज शोधावं लागतं. हे पारेरा हळदी-कुंकू बदकाच्याच जवळच्या नात्यातलं.