रुपया कुठे उगवतो?

आमच्या जिते स्टेशनच्या फलाटावर दिवा-रोहा गाडीची वाट पाहताना एक वाक्य हमखास कानावर येतं : महाराष्ट्र दिल्लीला रुपया देतो, परत येतात मोजके पैसे, बाकीचे उत्तर प्रदेश-बिहारवाले खातात. पैशांचा आकडा बोलणाऱ्यागणिक बदलतो, तक्रार तीच राहते. जित्याची खोड म्हणावी, तर म्हणीतला जित्या आमच्या गावचा नव्हे. शिवाय ही खोड अग्रलेखांना आणि विधानसभेतल्या भाषणांनाही आहे.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष इमानाने मांडावा. तो असा : कर ज्या राज्यात वसूल होतो तो त्या राज्याने कमावलेला, म्हणून कल्याणाचा पैसाही वसुलीच्या प्रमाणात परत यावा, गरिबीला जास्त गुण देणं म्हणजे नीट संसार करणाऱ्याला दंड.

यातलं पहिलं पाऊलच चुकलेलं आहे. आमच्याच पेण तालुक्यात डोलवीला जेएसडब्ल्यू स्टीलचा कारखाना आहे. याच कंपनीचा त्याहून मोठा पसारा कर्नाटकात बळ्ळारीजवळ तोरणगल्लूला आहे, आणखी एक कारखाना तमिळनाडूत सेलमला. कार्यालय मात्र वांद्रे-कुर्ला संकुलात. तिन्हीकडच्या नफ्यावरचा कंपनीकर एकत्र भरला जातो आणि मुंबईच्या वसुलीत धरला जातो. टाटा स्टीलचं पोलाद जमशेदपूरच्या भट्टीत वितळतं, मुख्यालय मुंबईत बॉम्बे हाउसला. आता त्या रुपयावर बळ्ळारीच्या खाणमजुराचा हक्क किती आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या लिफ्टचा किती? वसुलीचा तक्ता चलन कुठे भरलं ते सांगतो. कमाई कुठे झाली, याबद्दल तो मुका असतो.

बरं, हा वाद आजचाही नाही. नियोगींच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वित्त आयोगाने प्राप्तिकराच्या वाटपात वसुलीला 20 टक्के वजन दिलं होतं, लोकसंख्येला 80. पुढच्या आयोगांनी वसुलीचा निकष कधी घटवला, कधी वाढवला आणि शेवटी सोडून दिला. पंधराव्या आयोगाने 45 टक्के वजन दिलं ते दरडोई उत्पन्नातल्या अंतराला. आणि गंमत पाहा, या ‘अन्यायी’ सूत्रातच महाराष्ट्राचा वाटा चौदाव्या आयोगाच्या 5.521 टक्क्यांवरून 6.317 वर गेला. कर्नाटकाचा 4.713 वरून 3.647 वर आला. रडायचं तर कर्नाटकाने, पण आवाज आमचा मोठा.

दंडाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. म्हणूनच लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांसाठी याच आयोगाने 12.5 टक्के वजन ठेवलं. ते पुरेसं होतं का, यावर खुशाल भांडावं.

पण वसुलीप्रमाणे वाटप हे तत्त्व म्हणून स्वीकारायचं, तर आधी ते घरात लावून पाहू. नोकरदाराच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराचे दरमहा 200 रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत 300. हा कर 1975 च्या कायद्याने आला तो वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यातल्या दुष्काळी बांधावर खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी निघाली. देशाने रोजगाराचा कायदा केला तो 2005 साली, आपण त्याच्या पुष्कळ आधी. त्या वेळी दादर-परळला कोणी विचारलं नाही की आमचे किती पैसे परत आले. वि. म. दांडेकरांच्या समितीने 1984 मध्ये अनुशेष मोजला तोही राज्याच्या सरासरीशी तुलना करून. कोणत्या जिल्ह्याने किती कर भरला हे तिने मोजपट्टी म्हणून वापरलं नाही. कोकणाने तर याबाबत गप्पच बसावं. आपल्या पोरांनी गिरण्या चालवल्या, कर मुंबईच्या नावे लागला. आज वसुलीच्या हिशेबाने वाटप झालं, तर रायगड-रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांच्या वाट्याला काय येईल?

मग केंद्राविरुद्ध तक्रारच नाही का? आहे, आणि ती याहून जड आहे. राज्यांना 41 टक्के मिळतात ते वाटपयोग्य करांतून. उपकर आणि अधिभार त्या परातीत पडतच नाहीत. 2000 च्या ऐंशीव्या घटनादुरुस्तीनेच ते बाहेर ठेवले आहेत. नोव्हेंबर 2021 मधल्या कपातीनंतर पेट्रोलच्या लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क 27 रुपये 90 पैसे होतं. त्यातला राज्यांशी वाटून घ्यायचा भाग होता 1 रुपया 40 पैसे. बिहारने आपलं खाल्लं म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. बिहारही त्याच 1 रुपया 40 पैशांच्या पंगतीत बसलेला होता.

दुसरी तक्रार धान्याची. अन्न सुरक्षा कायद्याखाली केंद्राने महाराष्ट्राला ठरवून दिलेला इष्टांक सुमारे 7 कोटी लोकांचा : ग्रामीण 76.32 टक्के, शहरी 45.34. ही टक्केवारी 2011-12 च्या खर्च-पाहणीवरून काढलेली आणि माणसं 2011 च्या जनगणनेतली. आमच्या आळीतल्या एका घरी केशरी कार्ड आहे. त्यावर सासऱ्याचं नाव आहे, मुलाचं आहे. सून आठ वर्षांपूर्वी आली, नातवंडं दोन झाली. तिघांची नावं चढवायला गेले की उत्तर ठरलेलं : इष्टांक भरलाय, कोणाचं नाव कमी झालं की बघू. म्हातारा हसून म्हणतो, ‘म्हणजे माझ्यावरच अडलंय म्हणा की.’