धर्मशास्त्री वैद्य मैमोनिडीज

देहाला जितके कष्टवावे तितके पुण्य अधिक, ही समजूत अनेक पंथांत आढळते. ज्यू धर्मपरंपरेचा मुख्य प्रवाह मात्र निराळ्या वाटेने गेला, आणि ती वाट बाराव्या शतकात मोझेस मैमोनिडीज याने पक्की बांधून काढली. स्पेनमधील कोर्दोवा ही त्याची जन्मभूमी. अल्मोहाद राजवटीच्या जाचामुळे त्याचे घराणे परागंदा झाले आणि अखेर इजिप्तमध्ये कैरोजवळील फुस्तात येथे स्थिरावले.

सुमारे ११८० साली पूर्ण झालेल्या ‘मिश्ने तोरा’ या त्याच्या चौदा खंडांच्या धर्मसंहितेत आरोग्याचे नियम आचारधर्म म्हणूनच आले आहेत. पोट पुरते भरण्यापूर्वी हात आखडावा, जेवणाआधी अंग तापेल इतके श्रम करावेत, आठ तास झोप घ्यावी. रुग्णाला ईश्वराचे ज्ञान होणे दुर्घट, हे त्यामागील कारण. विद्वानाने ज्या दहा सोयींवाचून एखाद्या गावी राहू नये, त्यांत पहिला वैद्य आहे. प्रार्थनामंदिराचा क्रम स्नानगृह, शौचकूप आणि पाणी यांच्याही मागून, सहावा लागतो! जीव धोक्यात असता शब्बाथचे निर्बंध मोडावेत, हा दंडक जुनाच होता. परंतु ते काम मुलांवर किंवा परधर्मीयांवर न ढकलता थोर पंडितांनी स्वतः करावे, असे त्याने बजावले.

या शास्त्रकाराचे स्वतःचे शरीर मात्र फार सोसत होते. त्याचा व्यापारी भाऊ डेव्हिड घराण्याच्या संपत्तीसह हिंदी महासागरात बुडाला. त्या शोकाने मैमोनिडीज सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळला. पुढे वैद्यकी हेच त्याच्या चरितार्थाचे साधन झाले.

त्याच्या ग्रंथाचे हिब्रू भाषांतर करणाऱ्या शमुएल इब्न तिब्बोन याला ११९९ साली लिहिलेल्या पत्रात त्याने आपली दिनचर्या दिली आहे. रोज सकाळी कैरोत सुलतानाकडे जावे, दुपार उलटल्यावर भुकेने व्याकूळ होऊन परतावे, तो घरात ज्यू आणि परधर्मीय रुग्णांची दाटी. त्यांची क्षमा मागून तो चार घास खाई. अहोरात्रातील तेवढेच त्याचे अन्न. मग रात्र पडेपर्यंत रुग्ण तपासावयाचे, थकव्यामुळे आडवे पडूनच त्यांना औषधे सांगावयाची. समाजाला भेटण्यास शब्बाथ तेवढा उरे, आणि त्या दिवशीही प्रार्थनेनंतर मंडळी अध्ययनासाठी त्याच्या दारी येत. आठ तासांच्या झोपेचा या दिनचर्येत मेळ कसा बसत असेल?

शमुएलला भेटीस यावयाचे होते. अवश्य यावे, परंतु दिवसा किंवा रात्री एकांतात तासभरही चर्चा होईल अशी आशा धरू नये, असे मैमोनिडीजने त्याला कळविले.